विश्लेषण : नवा क्रँक बसवला की सायकल खरेच जास्त पळते?

अंडाकृती चेनव्हील, वाकडा क्रँक, दोन्ही पायांसाठी एकमेकांपासून सुटे केलेले क्रँक... ‘तेवढ्याच ताकदीत सायकल २०-३० टक्के जास्त पळेल’ असे सांगणाऱ्या चित्रफिती सायकलप्रेमींच्या मोबाइलवर सतत येत असतात. महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा छंद गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगलाच रुजला आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्यामुळे असे सुटे भाग घेणारे ग्राहक आता इथेही आहेत. या दाव्यांत तथ्य किती आणि अभ्यासक त्यांच्याकडे संशयाने का पाहतात?

क्रँक म्हणजे काय आणि त्यात दोष कोणता सांगितला जातो?

पेडल आणि मधला अॅक्सल यांना जोडणारी दांडी म्हणजे क्रँक. जुन्या काळ्या सायकलींमध्ये तो कॉटर पिन ठोकून बसवलेला असायचा आणि कॉटर ढिला झाला की प्रत्येक फेरीला ‘टक्’ असा आवाज यायचा. क्रँकची लांबी बहुतेक सायकलींमध्ये १६५ ते १७५ मिलिमीटर असते. शंभरेक वर्षांत त्याचे धातू बदलले, वजन घटले, पण मूळ आकार तोच राहिला. सरळ दोन दांड्या, एकमेकींच्या बरोबर विरुद्ध दिशेला.

तक्रार आहे ती या रचनेतील दोन जागांबद्दल. एक पेडल अगदी वर आणि दुसरे अगदी खाली असते तेव्हा पायाने खाली कितीही जोर दिला तरी क्रँक फिरत नाही, कारण तो जोर थेट अॅक्सलवर जातो. या स्थितीला ‘मृत बिंदू’ म्हणतात. मोठ्यांच्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून, हाफ पेडल मारत शिकलेल्या पिढीला तो अनुभवाने ठाऊक आहे. पूर्ण फेरी मारता येत नाही म्हणून पेडल अर्धे दाबायचे, उलटे मागे आणायचे, पुन्हा दाबायचे. त्या पोरांनी मृत बिंदू चुकवण्याचा मार्ग कोणतेही पेटंट न घेता शोधला होता.

शोधकांचा युक्तिवाद असा, की प्रत्येक फेरीत दोनदा पाय ‘वाया’ जातो. ती जागा काढून टाकली, निदान लवकर ओलांडली, तर तेवढी ऊर्जा वाचेल. ऐकायला हे अगदी पटते आणि गडबड नेमकी इथेच आहे.

मृत बिंदूत ऊर्जा वाया जाते का?

नाही. तिथे ऊर्जा तयार होत नाही, एवढेच. या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. नळ बंद असताना पाणी येत नाही, म्हणून ते गळते आहे असे आपण म्हणत नाही. मृत बिंदूच्या आसपास पायाचे स्नायू बऱ्याच अंशी सैल असतात, क्षणभर विसावा घेतात. सायकल आणि स्वार यांचा वेग तेवढ्या क्षणात जाणवण्याइतका कमी होत नाही. मिनिटाला ९० फेऱ्या मारणाऱ्या स्वाराची एक फेरी साधारण दोन तृतीयांश सेकंदात संपते. त्यातला मृत बिंदूचा भाग किती लहान असेल, याचा अंदाज यावरून करता येईल.

‘वर येणारा पाय उचलायला ताकद लागते, तीही वाया जाते’ असाही एक मुद्दा मांडला जातो. पण एक पाय वर येत असताना दुसरा तेवढ्याच वजनाचा पाय खाली जात असतो. तराजूच्या दोन पारड्यांसारखा हा हिशेब बहुतांशी आपोआप जुळतो.

मग ऊर्जा जाते कुठे? समजा एखादा स्वार पेडलवर २०० वॉट देतो आहे. त्यासाठी त्याचे शरीर साधारण ८०० ते १००० वॉट खर्च करत असते. माणसाच्या स्नायूंची कार्यक्षमता सायकल चालवताना २० ते २५ टक्क्यांच्या घरात असते, उरलेली ऊर्जा उष्णता आणि घाम होऊन जाते. पेडलपासून चाकापर्यंतचा प्रवास मात्र अतिशय काटकसरीचा आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी सायकलच्या साखळीची मोजणी केली, तेव्हा चांगल्या परिस्थितीत तिची कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत गेली. म्हणजे क्रँक, साखळी, दाते या सगळ्या यंत्रणेत वाचवण्यासारखे शिल्लक आहेत ते दोन-चार टक्के. तिथून २०-३० टक्के काढून दाखवतो असे कोणी म्हणत असेल, तर जे भांड्यात नाहीच ते वाढण्याचा हा प्रकार झाला.

एक शक्यता उरते. नव्या क्रँकमुळे स्नायूच जास्त कार्यक्षमतेने काम करू लागतील, ही. ही अशक्य कोटीतली गोष्ट नाही. पण मग पुरावाही स्नायूंचाच हवा. तेवढ्याच वॉटला प्राणवायू कमी लागला, हे मोजून दाखवायला हवे. चित्रफितीत वेगाचा आकडा दाखवून ते सिद्ध होत नाही.

‘टॉर्क ३० टक्के वाढतो’ हा दावा खोटा आहे का?

बऱ्याचदा खरा असतो, पण निरुपयोगी. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर. क्रँक दहा टक्के लांब केला की तेवढ्याच दाबात टॉर्क दहा टक्के वाढतो. पण पायाला प्रत्येक फेरीत दहा टक्के लांब वर्तुळही कापावे लागते. पहार लांब घेतली तर दगड कमी जोरात उचलला जातो, पण हात तेवढा जास्त हलवावा लागतो. तरफेचा हा नियम आपण शाळेतच शिकलो. वेग ठरवते ती शक्ती, म्हणजे टॉर्क आणि फिरण्याची गती यांचा गुणाकार. त्यातला एक आकडा वाढून दुसरा तेवढाच घटला, तर हाती काही लागत नाही.

नुसता टॉर्कच हवा असेल, तर तो गिअरच्या सायकलीत आधीपासूनच असतो. पुढच्या ४४ दात्यांच्या चक्रावरून साखळी ३४ दात्यांच्या चक्रावर आणली की मागच्या चाकावरचा टॉर्क जवळपास २९ टक्क्यांनी वाढतो. त्यासाठी खटका दाबावा लागतो, बाकी खर्च शून्य. सिंहगडाच्या चढावर प्रत्येक जण तेच करत असतो आणि त्याला शोध म्हणावे असे कोणालाच वाटत नाही.

वाकड्या क्रँकचे काय?

या प्रकारावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. १९८०च्या दशकात पीएमपी या इटालियन कंपनीने काटकोनात वाकवलेले, इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखे क्रँक बाजारात आणले होते. वाकड्या क्रँकची कल्पना त्यानंतरही वेगवेगळ्या रूपांत परत येत राहिली. पायाला क्रँकचा आकार कळत नाही. पेडलचा अॅक्सल आणि मधला अॅक्सल यांच्यातले सरळ अंतर तेवढे कळते. मधली दांडी सरळ असो, वाकडी असो की जिलेबीसारखी असो, अंतर तेच असेल तर टॉर्क तोच आणि मृत बिंदूही तिथेच. फरक पडतो तो वजनात. वाकड्या दांडीला धातू जास्त लागतो.

अंडाकृती चेनव्हीलची कल्पना नवी आहे का?

मुळीच नाही. गोल नसलेली चेनव्हील १८९०च्या दशकातही होती. क्रँकऐवजी तरफा वर-खाली दाबून चालणारी सायकलही होऊन गेली. झेपेलिन हवाई जहाजांवर काम केलेले अभियंते पॉल याराय यांची ‘जे-राड’ ही तशी सायकल १९२०च्या दशकात जर्मनीत विकली जात होती. ती फार काळ टिकली नाही.

अलीकडच्या काळातला सर्वात मोठा प्रयोग शिमानोचा. या जपानी कंपनीने १९८०च्या दशकात ‘बायोपेस’ हे गोल नसलेले चेनव्हील आणले. त्यामागे गंभीर संशोधन होते, पायांच्या हालचालीचे गणित होते. त्या काळातल्या बऱ्याच माउंटन बाइकवर ते कारखान्यातूनच बसून येत असे. पण १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शिमानोने ते गुंडाळले आणि गोल चेनव्हीलकडे परतली. जगातली सर्वात बलाढ्य सुटे भाग बनवणारी कंपनी, हाती संशोधन, कारखाने आणि बाजारपेठ असूनही आपला शोध टिकवू शकली नाही. बायोपेस वाईट होते असे मात्र म्हणता येणार नाही. सायकल तंत्रज्ञानावर विपुल लिहिणारे अमेरिकी मेकॅनिक शेल्डन ब्राउन २००८ मध्ये वारले. ते बायोपेसचे चाहते होते आणि स्वतःच्या सायकलींवर ते वापरत. बहुतेकांना मात्र त्यात नफा दिसला नाही, काहींना ते विचित्र वाटले आणि विषय संपला.

यातली खरी गंमत वेगळीच आहे. बायोपेसमध्ये पाय जोरात खाली दाबतो तेव्हा चेनव्हीलचा लहान व्यास कामाला येतो. आज विकल्या जाणाऱ्या ओसिमेट्रिक किंवा रोटर क्यू-रिंगमध्ये त्याच वेळी मोठा व्यास येतो. म्हणजे दोन्ही रचना जवळपास एकमेकींच्या उलट आहेत आणि दोघींचाही दावा एकच, पायांना फायदा होतो. दोन वैद्य एकाच दुखण्यावर एक गरम आणि एक थंड शेक सांगतात आणि रुग्ण दोन्हींनी सारखाच राहतो, तेव्हा शेकाचा त्या दुखण्याशी फारसा संबंध नसावा, अशी शंका घ्यायला जागा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिआँग, एल्मर आणि मार्टिन यांच्या अभ्यासात गोल आणि गोल नसलेल्या चेनव्हीलवर स्वारांची कमाल शक्ती मोजली गेली. फरक आढळला नाही.

पण विगिन्स आणि फ्रूम तर त्यावरच जिंकले!

जिंकले, यात शंका नाही. २०१२ च्या टूर द फ्रान्समध्ये ब्रॅडली विगिन्सच्या सायकलीवर ओसिमेट्रिक चेनव्हील होते. ख्रिस फ्रूमनेही त्याच प्रकारच्या चेनव्हीलवर टूर जिंकल्या. विक्रेत्यांच्या जाहिरातीत ही दोन नावे हमखास असतात. विगिन्स पुढच्याच वर्षी गोल चेनव्हीलकडे परतला, हे जाहिरातीत नसते. टूर चार वेळा जिंकणारा ताडेज पोगाचार गोल चेनव्हीलच वापरतो, हेही नसते. विजेता काय वापरतो यावरून तो कशामुळे जिंकला हे ठरवायचे, तर त्याच्या मोज्यांचा रंगही विचारात घ्यावा लागेल.

खऱ्या शोधाचे काय होते, याचे उदाहरण १९८९ च्या टूरमध्ये सापडते. शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये साडेचोवीस किलोमीटरची एकट्याने धावायची शर्यत होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड फ्रान्सच्या लोराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता. लेमाँडने हात पुढे जोडून, वाकून बसता येईल असे नवे हँडल लावले होते. त्याने ५० सेकंद भरून काढले आणि तीन आठवड्यांची टूर अवघ्या ८ सेकंदांनी जिंकली. तो विजय फक्त हँडलमुळे झाला असे म्हणणे धाडसाचे ठरेल, पण तशी हँडल्स लवकरच सगळ्या संघांकडे दिसू लागली. हवेचा अडथळा कमी होतो हे मोजता येत होते आणि प्रत्येकाला पटत होते. अंडाकृती चेनव्हीलला शंभरहून अधिक वर्षे मिळाली, तरी स्वारांच्या ताफ्यात आजही ते शोधावे लागते.

थोडे गणित करू. सपाट रस्त्यावर वेगात जाताना बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे शक्ती तीन टक्के वाढली तर वेग जेमतेम एक टक्का वाढतो. कोणाची शक्ती खरोखर २० टक्के वाढली, तर वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढेल आणि ४० किलोमीटरला तासभर घेणारा स्वार साडेतीन मिनिटे आधी पोहोचेल. जिथे आठ सेकंदांवर टूर ठरते, तिथे साडेतीन मिनिटे देणारा क्रँक एकाही संघाने सोडला नसता.

पाय वर खेचायला शिकवणारे क्रँक उपयोगी आहेत का?

इथे विषय जरा गुंतागुंतीचा होतो. ‘पॉवरक्रँक्स’ सारख्या रचनेत डावा आणि उजवा क्रँक एकमेकांना जोडलेले नसतात. प्रत्येकात एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. पाय स्वतःच्या ताकदीने वर उचलला नाही, तर क्रँक खालीच लोंबत राहतो. पहिल्या दिवशी यावर दहा मिनिटे चालवतानाही मांडीच्या वरचे स्नायू भरून येतात. ‘इतके दुखते म्हणजे काही तरी होत असणारच’ अशी आपली समजूत होते. नव्या तालमीत पहिल्यांदा जाणाऱ्यालाही तेच वाटते.

२००३ मध्ये लटरेल आणि पॉटायगर यांनी सराव असलेल्या १२ सायकलपटूंवर सहा आठवडे प्रयोग केला आणि असे क्रँक वापरणाऱ्या गटाची कार्यक्षमता सुधारल्याचे नोंदवले. विक्रेते या अभ्यासाचा आधार घेतात आणि तो खराच झालेला आहे. पण नंतरच्या काही अभ्यासांत तसा फायदा दिसला नाही. पायांची हालचाल बदलली, वर खेचणे वाढले, पण एकूण शक्ती वाढली नाही.

त्याचे कारण २००७ च्या एका साध्या प्रयोगात दिसते. कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी आठ सायकलपटूंना एकाच शक्तीवर, २०० वॉटवर, चार पद्धतींनी पेडल मारायला लावले. नेहमीच्या सवयीने, गोल फिरवत, मुद्दाम वर खेचत आणि फक्त खाली दाबत. वर खेचताना पेडलवरचा जोर जास्त ‘योग्य’ दिशेने लागत होता, आलेख सुंदर दिसत होता. पण तेवढ्याच २०० वॉटला शरीराचा खर्च त्याच पद्धतीत जास्त झाला. मांडी पुढे उचलणारे स्नायू लहान असतात. मांडीचे आणि नितंबाचे मोठे स्नायू जे काम स्वस्तात करतात, ते लहान स्नायूंकडून करून घेणे महाग पडते.

त्याआधी १९९१ मध्ये कॉइल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय दर्जाच्या आणि राज्य दर्जाच्या सायकलपटूंची तुलना केली होती. वरच्या दर्जाचे स्वार पाय अधिक गोल, अधिक सफाईने फिरवत असतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते खाली जास्त जोरात दाबत होते, बस.

पॉवरमीटर वाढ दाखवतो, ती खोटी कशी?

या साऱ्या वादातला हा सर्वात कमी माहीत असलेला भाग आहे आणि ग्राहकाची फसगत, बऱ्याचदा विक्रेत्याचीही, इथेच होते. अनेक हौशी स्वारांकडे आता पॉवरमीटर असतो. अंडाकृती चेनव्हील बसवले, पहिल्याच फेरीला वॉट वाढलेले दिसले, म्हणजे पैसे वसूल, असे त्यांना वाटते.

क्रँकमध्ये बसणारे अनेक पॉवरमीटर टॉर्क मोजतात आणि त्याला फेरीच्या सरासरी गतीने गुणतात. यात एक गृहीतक लपलेले आहे, की क्रँक पूर्ण फेरीत एकाच गतीने फिरतो. गोल चेनव्हीलवर ते जवळपास खरे असते. अंडाकृती चेनव्हीलवर नसते. तिथे पाय जोर लावतो त्या भागात क्रँक हळू फिरतो आणि मृत बिंदू पटकन ओलांडतो. रचनेचा हेतूच तो.

आकड्यांत पाहू. समजा अर्ध्या फेरीत टॉर्क ४० आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत १० आहे. दोन्ही भागांना सारखा वेळ लागला तर सरासरी २५. आता अंडाकृती चेनव्हीलमुळे जोराच्या भागात ५२ टक्के वेळ गेला आणि हलक्या भागात ४८ टक्के. वेळेनुसार काढलेली सरासरी २५.६ येते. पायाने एका फेरीत केलेले काम तेवढेच आहे, पण मीटर ते सुमारे अडीच टक्के जास्त दाखवतो. वाण्याच्या काट्याखाली खडा ठेवल्यासारखे हे आहे. फक्त इथे खडा कोणी मुद्दाम ठेवलेला नाही, नव्या मालाबरोबर तो आपोआप आला. काही नव्या मीटरमध्ये फेरीच्या प्रत्येक टप्प्यावर गती मोजून ही चूक टाळतात. मागच्या चाकाच्या हबमध्ये बसणारा मीटरही या सापळ्यात फारसा सापडत नाही, कारण चाक जवळपास एकाच गतीने फिरत असते. ‘तीन टक्के वाढ’ असा दावा ऐकला की पहिला प्रश्न तो कोणत्या मीटरवर मोजला, हाच हवा.

पण चालवणाऱ्याला फरक जाणवतो, त्याचे काय?

जाणवतो, नक्कीच जाणवतो. कधी कधी वेळही कमी लागतो. २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. क्लार्क आणि सहकाऱ्यांनी ४३ सायकलपटूंकडून प्रयोगशाळेत ४० किलोमीटरची शर्यत दोनदा करून घेतली. दुसऱ्या वेळी काहींना सांगितले, की तुम्हाला कर्बोदके असलेले पेय दिले आहे. काहींना सांगितले, की यात काहीच नाही. पेय दिल्याचे ज्यांना सांगितले त्यांची शक्ती ४.३ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटाची अर्ध्या टक्क्याने. पेयात खरे काय होते यापेक्षा काय सांगितले गेले, याचा परिणाम मोठा ठरला.

पेयाच्या बाबतीत निदान खरे आणि खोटे एकसारख्या बाटलीत देता येते. क्रँकचे तसे नाही. तो डोळ्यांना दिसतो आणि पायांना पहिल्या फेरीत कळतो. त्यात त्यासाठी गोल चेनव्हीलच्या कित्येक पट पैसे मोजलेले असतील, तर तो चालावा ही इच्छाही तेवढीच प्रबळ असते. शिवाय सराव असलेल्या स्वाराची कामगिरी एका दिवसापासून दुसऱ्या दिवसाला एक-दोन टक्के इकडे-तिकडे होतच असते. जो फायदा सिद्ध करायचा तो साधारण तेवढाच. फेरीदरम्यान लांबी बदलणाऱ्या एका फ्रेंच क्रँकचे उदाहरण आहे. एक किलोमीटरच्या प्रयोगशाळेतील चाचणीत त्याने मोठा फायदा दाखवला. काही वर्षांनी त्याच चमूतील संशोधकांनी तीच चाचणी उघड्यावर घेतली, तेव्हा तो दिसला नाही. त्यांनी तो निष्कर्षही प्रसिद्ध केला, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे. जाहिरातीत अर्थातच पहिला निष्कर्ष येतो.

मग क्रँक बदलण्यात काहीच अर्थ नाही?

आहे, पण त्याची कारणे वेगळी आहेत. सध्या व्यावसायिक सायकलपटूंमध्ये आखूड क्रँकची लाट आहे. पोगाचार २०२४ मध्ये १७२.५ मिलिमीटरवरून १६५ मिलिमीटरच्या क्रँकवर आला. आखूड क्रँकमुळे जास्त शक्ती मिळते असे यात कोणी म्हणत नाही. पेडल वरच्या टोकाला असताना गुडघा छातीकडे कमी येतो, कंबर कमी दुमडते, त्यामुळे जास्त वाकून बसता येते आणि हवा कमी अडते.

शक्तीचे काय, याचे उत्तर २००१ मध्येच मिळाले होते. मार्टिन आणि स्पिर्दुसो यांनी १६ सायकलपटूंना १२० पासून २२० मिलिमीटरपर्यंत पाच लांबींचे क्रँक देऊन कमाल शक्ती मोजली. २२० मिलिमीटरचा क्रँक म्हणजे जवळपास एक वीत. इतक्या टोकाच्या लांबींमध्येही शक्तीतला फरक चार टक्क्यांच्या आसपास निघाला. १४५ आणि १७० मध्ये तर म्हणण्यासारखा फरक नव्हता. उंचीने कमी असलेल्या स्वारांसाठी, विशेषतः अनेक महिला स्वारांसाठी, ही चांगली बातमी आहे. सायकलीबरोबर आलेला १७० किंवा १७५ चा क्रँक जड जात असेल, तर ताकद घटेल ही भीती न बाळगता आखूड क्रँक लावता येतो.

गुडघा पूर्ण वाकत नाही अशांसाठीही आखूड क्रँक हा खरा आधार आहे. त्यासाठी क्रँकला लावायचे जोड मिळतात. त्यामुळे पेडल अॅक्सलच्या जवळ येते आणि पाय लहान वर्तुळात फिरतो. अंडाकृती चेनव्हीलवर गुडघ्याला बरे वाटते असे सांगणारे स्वारही भेटतात. ज्याला बरे वाटते त्याने ते जरूर वापरावे. मात्र ‘बरे वाटते’ आणि ‘वीस टक्के जास्त शक्ती’ हे दोन वेगळे दावे आहेत आणि विक्रेते पहिल्याच्या पाठीवर दुसरा बसवून आणतात.

विकत घेण्याआधी काय करावे?

आधी सीटची उंची तपासावी. पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय जेमतेम सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक उरतो. साखळी पुसून तेल द्यावे, टायरमध्ये योग्य हवा भरावी. अनेकांच्या बाबतीत एवढ्याने जो फरक पडतो, तो कोणत्याही क्रँकने पडणार नाही. एवढे करूनही नवा क्रँक हवा असेल, तर उधार मिळतो का पाहावे. एकच चढ, कात्रजचा म्हणा, वेगवेगळ्या दिवशी आळीपाळीने जुन्या आणि नव्या क्रँकवर चढावा. एकदाच नव्हे, निदान चार-चार वेळा. वेळ, हृदयाचे ठोके आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी. पहिल्या फेरीचा उत्साह तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत ओसरलेला असतो.

विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच आहे. स्थिर सायकलवर २०० वॉट ठेवून, एकाच स्वाराला दोन्ही क्रँकवर बसवून प्राणवायूचा खर्च मोजला आहे का? खेळ विज्ञानाच्या प्रयोगशाळेत ही चाचणी एका सकाळीत होते. मोजला असेल तर किती जणांवर आणि मोजणारे कोण, हे त्याने सांगावे. उत्तरादाखल दुसरी चित्रफीत आली, तर खरेदी पुढे ढकलायला हरकत नाही.